झूल आणि वेसण

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीची नित्य देखभाल थांबविली. त्या दिवशी अमरावतीच्या राजकमल चौकातील वा अकोल्याच्या गांधी मार्गावरील एकाही संगणकाचा पडदा काळा पडला नाही. आदल्या दिवशी चालत होती तशीच सारी यंत्रे दुसऱ्या दिवशीही चालली. म्हणूनच या घटनेचे गांभीर्य वऱ्हाडात फारसे कोणाच्या ध्यानात आले नसावे. परंतु त्या दिवसापासून या प्रणालीत सापडणाऱ्या सुरक्षेच्या भगदाडांना ठिगळ लावण्याची जबाबदारी कंपनीने अंगावरून झटकली. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची मुदतवाढ देऊ केली गेली, तीही अटींसह. पुढे काय, या प्रश्नाला कंपनीचे उत्तर एकच होते : ‘विंडोज ११’ घ्या. आणि ‘विंडोज ११’ ची अट अशी, की प्रोसेसर साधारणतः २०१८ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा हवा आणि यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी.

याचा सरळ अर्थ असा, की ज्या यंत्राचा एकही भाग झिजलेला नाही, ज्यावर मुले टंकलेखन शिकतात, ग्रामसेवक पत्रे लिहितो, वाचनालयाचा लेखनिक पुस्तकांची यादी ठेवतो, ते यंत्र एका परक्या देशातील कचेरीत ठरलेल्या तारखेला भंगार ठरले. शाळेचा संगणक-कक्ष, सार्वजनिक वाचनालय, ग्रामपंचायतीचे कार्यालय, तालुक्याच्या गावचे झेरॉक्सचे दुकान, या ठिकाणी दर तीन वर्षांनी नवे यंत्र येत नसते. एकदा आलेले यंत्र दहा-बारा वर्षे राबवावे लागते. त्याला अकाली सेवानिवृत्त करण्याचा अधिकार विक्रेत्याला कोणी दिला, हा राजकीय प्रश्न आहे. केवळ तांत्रिक म्हणून तो बाजूला सारता येणार नाही.

यावर तरुण कार्यकर्त्यांकडून एक उत्तर हमखास येते : लिनक्स टाका. उत्तर योग्य आहे. फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ज्याचा आरंभ केला आणि जगभरच्या हजारो हातांनी जे पुढे वाढविले, ते लिनक्स वापरण्यास, वाटण्यास आणि बदलण्यास सर्वांना मोकळे आहे. जुन्या यंत्राला ते दुसरा जन्म देऊ शकते. पण ‘टाका’ म्हणणे सोपे असते. टाकल्यानंतर पहिला अडथळा बहुतेक वेळा पडद्याचाच येतो. अक्षरे मोठी आणि पसरट दिसतात, चित्रफीत अडखळते, खिडकी सरकविली की मागे ओरखडे उमटतात, किंवा पडदा काळाच राहतो. मग ‘हे आपल्या कामाचे नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि यंत्र कोपऱ्यात जाते. लिनक्सच्या प्रचारकांनी या टप्प्याचा जितका गंभीर विचार करावयास हवा होता तितका केलेला नाही. उलट, प्रचाराच्या उत्साहात पुष्कळदा त्यांनी भलतीच गोष्ट पुढे केली : पडद्यावरची आतषबाजी.

पोळ्याच्या दिवशी वऱ्हाडातील बैलाच्या अंगावर झूल चढते, शिंगांना बेगड लागते, गळ्यात घुंगुरमाळ येते. तो सोहळा बैलाच्या मानाचा आहे आणि त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण दुसऱ्या दिवशी वखराला जुंपताना कोणी झूल घालीत नाही. संगणकाच्या पडद्यावर खिडक्या लवलवतात, उघडताना फुलतात, मिटताना विरघळतात, एकीखालची दुसरी पारदर्शकपणे दिसते, सबंध पडदा घनाकृती ठोकळ्याप्रमाणे फिरतो. ही सारी झूल होय. लिनक्सच्या जगात ती मोठ्या थाटाने आली ती २००६ साली. नॉव्हेल कंपनीत काम करणाऱ्या डेव्हिड रेव्हमन या तंत्रज्ञाने ‘कॉम्पिझ’ हा कार्यक्रम त्या वर्षी खुला केला. काही महिन्यांतच त्यातून ‘बेरिल’ नावाची शाखा फुटली आणि २००७ मध्ये दोन्ही गट पुन्हा एकत्र आले. (फुटणे आणि पुन्हा जुळणे यांचा अनुभव असलेल्या समाजवादी वाचकाला यात नवल वाटणार नाही, वर्षभरात जुळले, याचेच कदाचित वाटेल.) ऑक्टोबर २००७ च्या उबुंटूच्या आवृत्तीत हे परिणाम, यंत्राला पेलत असतील तर, आपोआप चालू होत. त्या दिवसांत महाविद्यालयीन तरुणांना लिनक्सकडे खेचण्याचे काम या फिरत्या ठोकळ्याने जितके केले तितके कोणत्याही तात्त्विक निबंधाने केले नसेल.

हे परिणाम घडतात कसे, ते समजून घेतल्याखेरीज पुढचा मुद्दा कळणार नाही. जुन्या पद्धतीत प्रत्येक कार्यक्रम आपली खिडकी थेट पडद्यावर रंगवीत असे. एक खिडकी बाजूला झाली की तिच्याखाली झाकलेला भाग खालच्या कार्यक्रमाला पुन्हा रंगवावा लागे. नव्या पद्धतीत प्रत्येक खिडकी आधी स्मृतीत वेगळ्या कागदावर रंगविली जाते, आणि ‘कंपोझिटर’ नावाचा एक जुळारी त्या साऱ्या कागदांची चळत लावून एकच चित्र पडद्यावर पाठवितो. कागद वेगळा असल्यामुळे तो वाकविता येतो, पारदर्शक करता येतो, त्याखाली सावली पाडता येते. मात्र हे सेकंदाला साठ वेळा करावयाचे, तर ते मुख्य प्रोसेसरचे काम नव्हे. त्यासाठी चित्र-चिप लागते. शिवाय स्मृती लागते. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या एका पूर्ण खिडकीला, दर ठिपक्यास चार बाइट या हिशेबाने, सुमारे ८३ लाख बाइट, म्हणजे जवळजवळ आठ एमबी जागा पडते. दहा खिडक्या उघड्या असल्या की ऐंशी एमबी नुसत्या चित्रांत गेले. चार जीबी स्मृतीच्या यंत्राला हे फार नाही. पण एक जीबीच्या यंत्राला आणि त्यातही जेथे चित्र-चिप मुख्य स्मृतीतूनच आपला वाटा उचलते तेथे, ते जाणवल्याशिवाय राहत नाही.

आता या चित्र-चिपशी बोलणार कोण? प्रणालीची भाषा वेगळी, चिपची वेगळी. मध्ये दुभाषा लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. चिपला कोणती आज्ञा कोणत्या आकड्याने द्यावयाची, तिचे घड्याळ वेगात कसे आणावयाचे, हे त्यालाच ठाऊक असते. बैलाची झूल कितीही भरजरी असो, बैल चालतो तो वेसणीच्या इशाऱ्यावर. संगणकाच्या पडद्याची वेसण म्हणजे हा ड्रायव्हर. ती ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर ते यंत्र.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उगमही एका ड्रायव्हरपाशीच आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक लेझर छपाईयंत्र दिले. त्यात कागद वारंवार अडके. कागद अडकला की वापरणाऱ्यांना सूचना जाईल, अशी सोय तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या यंत्रासाठी स्वतः करून घेतली होती. नव्या यंत्राच्या कार्यक्रमाची मूळ संहिता मात्र कंपनीने दिली नाही. दुसऱ्या विद्यापीठातील ज्या संशोधकाजवळ ती होती त्याने, गुप्ततेचा करार केला असल्याचे सांगून, ती देण्यास नकार दिला. त्या नकाराचा काटा स्टॉलमन यांच्या मनात रुतला. १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. अडकलेला कागद काढण्याचे ज्ञान असूनही, अधिकार नसल्यामुळे, हात बांधून बसावे लागते, हा प्रसंग आज वऱ्हाडातील प्रत्येक संगणक-दुरुस्तीच्या दुकानात नव्या रूपाने घडत असतो.

चित्र-चिपांच्या बाजारात मुख्य कंपन्या तीन, आणि तिघींची वागणूक तीन तऱ्हांची. इंटेलने आपल्या अंगभूत चिपांचे ड्रायव्हर दीर्घकाळ खुले ठेवले. ते लिनक्सच्या गाभ्यातच असतात आणि वेगळे काही बसवावे लागत नाही. एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही कंपनी विकत घेतल्यावर सप्टेंबर २००७ मध्ये चिपांची तांत्रिक माहिती प्रसिद्ध करण्याचे जाहीर केले, आणि आज तिचा खुला ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्याचा भाग आहे. तिसरी कंपनी एन्व्हिडिया. तिने वेगवान पण बंद पेटीतला ड्रायव्हर दिला; आतील संहिता वर्षानुवर्षे कोणास दाखविली नाही. जून २०१२ मध्ये फिनलंडमधील एका सभेत टॉरवाल्ड्स यांनी या कंपनीविषयी जी भाषा आणि जो हातवारा केला तो या पानावर देण्याजोगा नाही, पण त्यामागचा संताप अनाठायी नव्हता. स्वयंसेवकांनी चिपच्या वर्तनाचे बाहेरून निरीक्षण करून, एकेक आज्ञा हुडकून काढून, ‘नूव्हो’ हा खुला ड्रायव्हर उभा केला. फ्रेंच भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘नवा’. पुढे २०१४ पासूनच्या चिपांत कंपनीने आपल्या सहीशिवाय फर्मवेअर चालणार नाही अशी योजना केली आणि नूव्होला त्या चिपा पूर्ण वेगाने चालविणे अशक्य झाले. मे २०२२ मध्ये कंपनीने नव्या चिपांसाठी ड्रायव्हरचा गाभ्यातील भाग खुला केला. वरचा मोठा भाग मात्र बंदच राहिला.

हे सारे दूरदेशीचे भांडण आहे आणि वऱ्हाडाशी त्याचा संबंध नाही, असे कोणास वाटेल. संबंध असा आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी डीटीपीच्या दुकानांत आणि जुळवलेल्या संगणकांत जीफोर्स ८४०० किंवा २१० यांसारखी स्वस्त कार्डे सर्रास बसविली जात. त्यांना चालविणाऱ्या ३४० या मालिकेच्या ड्रायव्हरची देखभाल कंपनीने २०१९ च्या अखेरीस संपविली. त्यापुढच्या पिढीची ३९० मालिका २०२२ मध्ये, त्यानंतरची ४७० मालिका २०२४ मध्ये संपली. लिनक्सचा गाभा मात्र दर दोन-अडीच महिन्यांनी पुढे सरकत असतो. जुना बंद ड्रायव्हर नव्या गाभ्याशी जुळेनासा होतो आणि एका सकाळी अद्ययावत केलेला संगणक काळा पडदा दाखवितो. कार्ड शाबूत आहे, मालक तयार आहे, दुरुस्ती जाणणारा मुलगाही शेजारी उभा आहे. पण पेटीची किल्ली कोणापाशीच नाही. विंडोजने यंत्र नाकारले म्हणून ज्या लिनक्सकडे यावे, तेथेही बंद ड्रायव्हरच्या रूपाने तोच निवृत्तीचा हुकूम मागील दाराने आत येतो.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. सरळ वाणाची सरकी घरी राखून पुढच्या मृगाला पेरता येत असे. संकरित वाण आले तसे राखलेल्या बियाण्याचे पीक पहिल्यासारखे येईना, आणि २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर जवळजवळ सारी पऱ्हाटी दरसाल विकतच्या पाकिटावर आली. उत्पन्न वाढले हे नाकारण्यात अर्थ नाही, त्याचप्रमाणे बंद ड्रायव्हर पुष्कळदा वेगवान असतो हेही नाकारू नये. प्रश्न वेगाचा नसून पुढच्या हंगामात पेरणी कोणाच्या परवानगीने होणार हा आहे. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, १९७६ पासून महाबीज आहे; बियाणे सर्वस्वी खासगी हातांत जाऊ नये हा विचार या संस्थांच्या स्थापनेमागे होता. संगणकाच्या बाबतीत असा विचार या दोन जिल्ह्यांत अजून कोणी केलेला दिसत नाही.

दिखाव्याच्या पायी यंत्रे कशी नाडली जातात याचे एक उदाहरण मायक्रोसॉफ्टच्याच इतिहासात आहे. जानेवारी २००७ मध्ये ‘विंडोज व्हिस्टा’ बाजारात आली तेव्हा तिच्या चकचकीत पारदर्शक पडद्याचा मोठा गाजावाजा होता. त्याआधी विकल्या गेलेल्या संगणकांवर ‘व्हिस्टासाठी सक्षम’ अशी चिठ्ठी डकविली होती. पण त्यांतील पुष्कळांना तो पडदा पेलेना. सिएटलच्या न्यायालयात ग्राहकांनी दावा लावला. इंटेलच्या ९१५ या चिपसंचाला ती चिठ्ठी मिळावी म्हणून अट सैल केली गेली आणि तीही इंटेलच्या तिमाही उत्पन्नाला हातभार लागावा म्हणून, असे कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने लिहिल्याचे २००८ मध्ये त्या दाव्यातील कागदांतून उघड झाले. त्याच काळात त्याच दर्जाच्या चिपांवर लिनक्समध्ये कॉम्पिझचा ठोकळा फिरत होता. चिप दुबळी होती हे खरे. परंतु एका बाजूला ड्रायव्हर लिहिणे विक्रेत्याला परवडत नव्हते आणि दुसऱ्या बाजूला तो लिहिण्यास कोणाची आडकाठी नव्हती, हा फरक निर्णायक ठरला.

तेव्हा झूल ही झूल होती. नको असल्यास काढून ठेवता येत होती. आता ती स्थिती राहिलेली नाही. एक्स ही जुनी पडदा-व्यवस्था मागे पडून वेलँड ही नवी व्यवस्था तिची जागा घेत आहे. २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी तिचा प्रारंभ केला. तिच्यात कंपोझिटर हाच पडद्याचा कारभारी असतो. त्याला बाजूला सारून खिडकी पडद्यावर येऊच शकत नाही. सप्टेंबर २०२५ मधील नोमच्या आवृत्तीने एक्सवरील बैठक मुळातच बंद करून ठेवली. डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या यंत्रांवर नवी स्थापना बंद केली. मेसा या खुल्या चित्र-संचाने काही फार जुने ड्रायव्हर मुख्य प्रवाहातून बाजूला काढले. म्हणजे जुन्या यंत्रांविषयीची बेपर्वाई ही केवळ भांडवलदारी कंपन्यांची मिरास आहे, मुक्त सॉफ्टवेअरवाले सारे संत आहेत, असा भाबडा समज कार्यकर्त्यांनी करून घेऊ नये. नव्या यंत्रावर बसून जुन्याचा विसर पडणे हा मनुष्यस्वभाव आहे. भेद एवढाच, आणि तो लहान नाही, की मेसाने बाजूला काढलेल्या ड्रायव्हरांची संहिता स्वतंत्र शाखेत ठेवलेली आहे. ज्याला गरज असेल त्याला ती उचलता येते, दुरुस्त करता येते. कोणी उचलतो की नाही हा चळवळीच्या बळाचा प्रश्न झाला. तो न्यायालयाचा वा मालकी हक्काचा राहत नाही.

प्रत्यक्ष कामाविषयी थोडे सविस्तर लिहिणे इष्ट होईल, कारण सद्‌हेतूने सुरू केलेली कितीतरी कामे या तपशिलातच फसतात. यंत्रावर काहीही पुसण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. चित्र-चिप कोणाची आहे आणि गाभ्याने तिला कोणता ड्रायव्हर जोडला आहे, हे एका आज्ञेने कळते. पडदा रंगविणाऱ्याचे नाव काय, हे दुसऱ्या आज्ञेने कळते. तेथे ‘एलएलव्हीएमपाइप’ हे नाव दिसले तर समजावे की चिप स्वस्थ बसली आहे आणि तिचे सारे ओझे मुख्य प्रोसेसर वाहत आहे. यंत्र मंद चालण्याचे, पंखा घोंगावण्याचे मूळ पुष्कळदा येथे असते, आणि दोष मात्र लिनक्सच्या माथी मारला जातो. दुसरी चूक याहूनही अधिक प्रचलित आहे. स्थापनेच्या वेळी काळा पडदा आला की ‘नोमोडसेट’ हा शब्द आरंभाच्या ओळीत घालण्याचा सल्ला दिला जातो. तो तात्पुरता उपाय आहे. तो शब्द तसाच कायम राहिला तर खरा ड्रायव्हर कधीच कामाला लागत नाही, आणि यंत्र जन्मभर लंगडत चालते. अमरावतीतील वा अकोल्यातील एखादा संगणक-कक्ष ‘लिनक्स बसविले पण जमले नाही’ म्हणून बंद पडला असेल तर प्रथम हा एक शब्द तेथे उरला आहे काय, ते पाहावे.

एन्व्हिडियाचे कार्ड असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून हाताने बसविण्याचा मोह टाळावा. वितरणाच्या स्वतःच्या भांडारातून तो घेतला तर गाभा बदलताच तो पुन्हा जुळविला जाण्याची व्यवस्था असते. हाताने बसविलेला पुढच्या अद्ययावतीकरणात हमखास मोडतो. सिक्युअर बूट चालू असेल तर बाहेरच्या मोड्यूलला सही लागते आणि स्थापनेनंतर पुन्हा सुरू करताना एक निळा पडदा परवलीचा शब्द विचारतो. त्याकडे दुर्लक्ष केले की सारी मेहनत वाया. जुन्या जीफोर्स कार्डांसाठी नूव्हो पुरेसा आहे. कार्यालयीन कामाला त्याहून वेग लागत नाही. आणि मदरबोर्डवर इंटेलची चिप मोकळी असेल तर कार्ड काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय, जो सुचविण्याचे विक्रेत्याला कारण नसते.

राहता राहिली झूल. दोन जीबी स्मृतीच्या यंत्रावर नोमचा आग्रह धरू नये; एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखी हलकी मांडणी बसवावी. धूसर पार्श्वभूमी हा परिणाम सर्वांत जड, तो प्रथम बंद करावा. मग पारदर्शकता, मग हालचाली. एक्सएफसीईमध्ये कंपोझिटर संपूर्ण बंद करण्याची सोय आहे, पण त्याने पडदा सरकताना मधोमध चिरल्यासारखा दिसू शकतो. तो दोष डोळ्यांना फार खुपला तर सावल्या काढून कंपोझिटर चालू ठेवावा. सर्वच परिणाम चैनीचे असतात असेही नाही. पडद्याचा हवा तो भाग भिंगाखाली धरल्याप्रमाणे मोठा करणे, रंग उलटे करून काळ्यावर पांढरी अक्षरे दाखविणे, या सोयी त्याच यंत्रणेतून निघाल्या. मोतीबिंदू झालेल्या वृद्ध वाचकाला वाचनालयाच्या संगणकावर त्या मिळाल्या तर तेथे झूल हा शब्द अन्यायाचा ठरेल.

अडचणी आणखीही आहेत आणि त्या लपविण्यात हित नाही. छपाईच्या दुकानांतील पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी मजकुराची कामे श्रीलिपीसारख्या जुन्या सांकेतिक टंकांत आणि कोरलड्रॉ, पेजमेकर यांसारख्या कार्यक्रमांत अडकलेली आहेत. त्यांना लिनक्सवर आणणे आज तरी अव्यवहार्य आहे, आणि त्या दुकानदारांना उपदेश करण्यात वेळ घालवू नये. सेवा केंद्रांतील अंगठ्याच्या ठशाची यंत्रे आणि डिजिटल सहीच्या किल्ल्या यांचेही ड्रायव्हर आधी तपासावे लागतील. शाळा, वाचनालये आणि महाविद्यालयांचे कक्ष येथे मात्र असा कोणताही अडसर नाही. मराठीचा प्रश्नही तेथे अडत नाही. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित टंक मुक्त केले, सी-डॅकने २००७ मध्ये भारतीय भाषांसह ‘बॉस’ हे लिनक्स काढले, आणि देवनागरी टंकलेखन आज कोणत्याही लिनक्समध्ये अंगभूत असते.

यंत्र आणून ठेवले म्हणजे गाव सुधारत नाही, हा धडा अमरावती जिल्ह्याने स्वतःच्या अनुभवाने गिरविला आहे. मेळघाटातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये राज्य सरकारने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून पुढे आणले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी जाहीर सभांतून तेथील दुरवस्थेची चित्रफीत दाखविली आणि गावाचे नाव महाराष्ट्रभर गाजले. आरोप-प्रत्यारोपांचा धुरळा बाजूला ठेवला तरी एक प्रश्न कोणी विचारला नाही : बंद पडलेले यंत्र सुरू करण्याचे ज्ञान आणि अधिकार गावातील कोणाच्या हाती ठेवला होता? केरळमध्ये २००१ पासून ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा शालेय कार्यक्रम चालला. एका कंपनीच्या प्रणालीवर अभ्यासक्रम बेतण्याला तेथील शिक्षक संघटनांनी आक्षेप घेतला, आणि राज्याच्या शाळा लिनक्सवर गेल्या. बसविणे आणि निगा राखणे शिक्षकच शिकले. महाराष्ट्रात त्याच २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली. तिने लाखो लोकांना संगणकाची ओळख करून दिली हे मोठे काम; पण संगणक म्हणजे विंडोज, हे समीकरणही तिच्याच वर्गांत पक्के झाले.

आता करावयाचे काय, तर मागणी नेमकी केली पाहिजे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण प्रसिद्ध केले असून, सरकारी मागणीपत्रांत मुक्त पर्यायाचा विचार बंधनकारक आणि तो वगळल्यास कारण देणे आवश्यक, असे त्यात म्हटले आहे. ते धोरण प्रामुख्याने कार्यक्रमांविषयी बोलते. यंत्राच्या ड्रायव्हरविषयी वेगळे काही सांगत नाही. नेमकी ती उणीव जिल्हा पातळीवर भरून काढता येईल. अमरावती व अकोला जिल्हा परिषदा, दोन्ही महानगरपालिका, संत गाडगेबाबा विद्यापीठ आणि पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ जेव्हा संगणकांच्या निविदा काढतील, किंवा आमदार-खासदारांच्या निधीतून शाळांना यंत्रे दिली जातील, तेव्हा निविदेत एक अट असावी : यंत्रातील चित्र-चिप, वायफाय आणि छपाईयंत्र यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य गाभ्यात वा खुल्या संचात उपलब्ध असलेच पाहिजेत. विक्रेत्याने पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून ते दाखवावे आणि मगच देयक मंजूर व्हावे. यासाठी जादा पैसा लागत नाही. कार्यालयीन यंत्रांत बहुधा इंटेलची वा एएमडीची चिप असतेच. आणि ‘विंडोज १०’ च्या कारणावरून जुनी यंत्रे निर्लेखित करण्याचा ठराव जेथे येईल तेथे, लिनक्सवर चाचणी घेतल्याचा लेखी अहवाल मागण्याचा अधिकार प्रत्येक सदस्याला आहे. तो बजावला जावा.

चाचणी घेणारे हात याच भागात आहेत. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून चालू आहे, बडनेरा आणि शेगाव येथील महाविद्यालये १९८३ पासून. या विद्यार्थ्यांना पडद्यावरचा ठोकळा फिरविण्याची हौस असेल तर ती मोडू नये. त्याच हौसेतून ड्रायव्हरपर्यंतची वाट सापडते. पक्षाच्या शाखांनी आपल्या तालुक्यातील वाचनालयांची आणि अनुदानित शाळांची यादी करावी. प्रत्येक ठिकाणी यंत्रे किती, प्रोसेसर कोणत्या वर्षाचा, स्मृती किती, चित्र-चिप कोणाची, एवढे चार रकाने पुरेत. परीक्षा आटोपल्यावर शाळांचे कक्ष रिकामे असतात, म्हणून बसविण्याच्या शिबिरांना एप्रिल-मे हेच महिने सोयीचे. मात्र अकोल्याच्या त्या दिवसांत दुपारी पत्र्याखाली माणूसही टिकत नाही आणि प्रोसेसरही. तेव्हा काम सकाळी सातला सुरू करून अकराच्या आत आटोपावे, आणि दर यंत्रामागे शाळेतील एक शिक्षक व दोन विद्यार्थी शेजारी बसवावेत.